ज्याचे सुतक नाही त्याचे दुःख

घरातले माणूस गेले म्हणजे काय करावे, हे आपल्या समाजात कोणास शिकवावे लागत नाही. बातमी कळताच शेजारच्या पेढीवरची दोन माणसे न बोलावता येतात, जेवण दुसऱ्या घरून येते, दहाव्यापर्यंत घरच्यांस एकटे पडू दिले जात नाही. या रीतींतील काही आता जुनाट वाटत असतील. परंतु त्यांचा एक मोठा उपकार आहे. रडणाऱ्याला आपण का रडतो हे कोणास सांगत बसावे लागत नाही.

त्याच घरी बारा वर्षे वावरलेला कुत्रा गेला, किंवा गोठ्यातील म्हातारी गाय गेली, तर काय घडते? सुतक नाही, कोणी भेटावयास येत नाही, दुकान नेहमीच्या वेळेस उघडते. घरची सून स्वयंपाकघरात पदर डोळ्यांस लावते आणि कोणी आले की कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरातही फोडणीच्या धुराचे निमित्त सांगते. दुःखाबरोबर त्या दुःखाची लाजही तिला वाहावी लागते. अमेरिकेतील केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ साली अशा दुःखावर ग्रंथच प्रसिद्ध केला. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मानीत नाही ते अधिक काळ सलत राहते, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होय. आमचे म्हणणे याहून साधे आहे. माणूस गेल्यावर आपण जसे जातो, तसे अशा घरीही जावे.

आपल्या सभासदांपैकी कित्येकांची मुले आज पुण्यास, बेंगळुरूस किंवा परदेशी आहेत. पेढीवरून निवृत्त झालेला गृहस्थ, कधी विधुर, मोठ्या वाड्यात एकटा असतो. पहाटे पाचास तो उठतो ते कुत्र्यास फिरवून आणावयाचे असते म्हणून. दिवसभरात मोठ्याने बोललेले त्याचे निम्मे शब्द त्या प्राण्याशीच झालेले असतात. तो प्राणी गेला म्हणजे केवळ एक जीव जात नाही. त्या माणसाचा अवघा दिवसच विसकटतो. पहाटे पाचास जाग येतेच, आणि साखळी खुंटीवर लटकलेली दिसते. अशा माणसास मुलाने दूरध्वनीवरून “बाबा, कुत्रेच होते ना, दुसरे आणू” असे सांगावे, यात प्रेम नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ही व्यापाऱ्याची भाषा झाली. काचसामान वाटेत फुटले तर बदली माल धाडता येतो. येथे बदली मालाचा प्रश्नच नसतो. दुसरा प्राणी केव्हा आणावा, किंवा आणूच नये, हे त्या माणसाने स्वतः बोलून दाखवीपर्यंत इतरांनी तो विषय काढू नये.

आपल्या घरांत याहून एक वेगळा धोका आहे, आणि त्याविषयी आम्हांस थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. संसाराच्या असारतेचा उपदेश आपल्या जिभेवर नेहमी तयार असतो. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत इष्टवियोग हा एक आहे, हे खरे. परंतु शास्त्रकारांनी त्यास नाव दिले ते माणसाचे मन तेथे गुंतते हे जाणून. कोणी रडत असता त्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नव्हे. तसेच हिंस्र प्राणी पाळू नयेत असे श्रावकाचारात सांगितले आहे. मांजराच्या बाबतीत तर घरोघर वाद असतात, विशेषतः धान्याच्या गोदामात उंदीर झाले म्हणजे! पण हा प्रश्न प्राणी घरी आणण्यापूर्वी विचारावयाचा असतो. तो गेल्यावर विचारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत आपण ज्या नेमिनाथ भगवंतांस वंदन करतो, त्यांनी बांधून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून लग्नाच्या वाटेवरून रथ मागे फिरविला. तेथून बाहेर पडून शेजाऱ्यास “एका जनावरासाठी एवढे काय?” असे विचारणे शोभत नाही.

पशूंसाठी आपण पुष्कळ केले आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली मुंबईत दंगल उसळली, आणि दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई व अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ स्थापन झाली. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय चालते. प्राण्याची सोय झाली. त्याच्यावर जीव लावणाऱ्या माणसाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

लहान मुलांच्या बाबतीत वडीलधारी माणसे सहज खोटे बोलतात. “तो गावी गेला” असे सांगितले की मूल महिनाभर दारात वाट पाहते. “तो झोपला” असे सांगितले तर काही मुले रात्री झोपावयास भितात. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलास मरण कायमचे असते हे उमगत नाही; म्हणून ते तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. प्रत्येक वेळी तेच खरे उत्तर शांतपणे द्यावे आणि त्याच्या हातून दोन फुले वाहवून घ्यावीत.

सर्वांत अवघड सांत्वन असते ते ज्याच्या मनात अपराधाची टोचणी आहे त्याचे. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात, कुत्र्यास कर्करोग होतो. एके दिवशी पशुवैद्य हळू आवाजात सांगतात की, आता इंजेक्शन देऊन याची सुटका करावी. जैन कुटुंबासमोर हा प्रश्न केवढा उभा राहतो हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. कोणी मान डोलावतो आणि पुढे वर्षभर त्याला त्या सुईची आठवण येते. कोणी नकार देतो, रात्रंदिवस उशाशी बसून राहतो, आणि त्याच्या कानांतून ते कण्हणे जात नाही. दोघेही सारखेच पोळलेले असतात. आमचे मत असे की, भेटावयास गेलेल्याने येथे न्यायाधीश होऊ नये. धर्माचा निर्णय त्यास हवाच असेल तर तो पुढे केव्हातरी मुनिमहाराजांपाशी स्वतः जाईल. “आणखी लवकर दाखवायला हवे होते” असे तो म्हणू लागला, तर मात्र एक गोष्ट निःशंकपणे सांगता येते, कारण ती खरी आहे. मुका प्राणी आपली वेदना लपवितो, मांजर तर फारच. आणि रोग उशिरा कळणे हे जपणाऱ्या घरीही घडते.

शेवटच्या घटकेस काय करावे, याचे उत्तर आपल्या कथांतच आहे. जीवंधरकुमाराची कथा आपल्या घरांतून सांगितली जाते. यज्ञाच्या अन्नास तोंड लावले म्हणून मारून अर्धमेला केलेला एक कुत्रा त्यास वाटेत दिसला. वाचविण्याची आशा उरली नाही, तेव्हा कुमाराने त्याच्याजवळ बसून त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र म्हटला. तो जीव पुढे सुदर्शन नावाचा यक्ष झाला. आजही कित्येक घरी मरणासन्न गाईच्या किंवा कुत्र्याच्या कानात णमोकार म्हटला जातो. त्या जीवास त्याचा लाभ होतो ही आपली श्रद्धा. म्हणणाऱ्यास होतो हे तर डोळ्यांनी दिसते. हतबल माणसाच्या जिभेला आणि हाताला त्या वेळी काही करावयास मिळते. मागाहून तो स्वतःस सांगू शकतो की, मी त्याच्याजवळ होतो.

मग उरते ते देहाचे. ज्यांच्या घरामागे परसू आहे त्यांनी विहिरीपासून दूर, खोल खड्डा घ्यावा. सदनिकांत राहणाऱ्यांची खरी अडचण होते. मुंबई महापालिकेने २०२३ साली मालाड येथे पाळीव प्राण्यांसाठी दहनवाहिनी सुरू केली. सर्वच शहरांत अशी सोय नाही. अशा वेळी जो शेजारी फावडे घेऊन येतो, किंवा नगरपालिकेत जाऊन चौकशी करून येतो, त्याने दहा वाक्यांचे सांत्वन न बोलता केलेले असते.

भेटीस गेल्यावर काय बोलावे म्हणून पुष्कळजण अडखळतात. त्या प्राण्याचे नाव घ्यावे. तो पेढीच्या पायरीवर कसा निजे, कोणत्या गिऱ्हाइकावर हटकून भुंके, हे विचारावे; घरचे आपण होऊन बोलू लागतात, क्वचित हसतातही. आठ दिवसांनी पुन्हा एकदा जावे, आणि घरी एकटे वृद्ध असतील तर पहाटे पाचासच जाऊन त्यांस फिरावयास बोलवावे. खुंटीवरची साखळी आणि अंगणातले पाण्याचे भांडे घरच्यांनी स्वतः उचलीपर्यंत तेथेच राहू द्यावे.