न विचारलेला प्रश्न

अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रिया, म्हणजे जठर लहान करण्याची अथवा अन्नमार्गच वळविण्याची क्रिया, आता केवळ धनिकांची चैन राहिलेली नाही. आरोग्य विम्याच्या नियमांतही तिला ठराविक अटींवर स्थान मिळाले आहे. शस्त्रक्रियेचा दिवस ठरेपर्यंत रुग्ण स्त्रीला काही आठवडे, कधी काही महिने थांबावे लागते. ह्या काळात तिचे रक्त तपासतात, हृदय तपासतात, झोपेत श्वास अडखळतो काय ते पाहतात. आहारतज्ज्ञ तिच्या ताटातील भाताचा हिशेब मागतो. तिच्या शय्यासुखाविषयी मात्र सहसा कोणी चकार शब्द काढीत नाही.

हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. त्यांना आम्ही कोकणातल्याच एका पुरुषाचे स्मरण देतो. मुरुडला जन्मलेल्या र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. वाचकांच्या कामविषयक शंकांना छापील उत्तरे दिल्याबद्दल 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तेव्हा उत्तर देणे हा गुन्हा होता. आज उत्तर देण्यास वैद्यकशास्त्र सज्ज आहे, आणि प्रश्नच कोणी विचारीत नाही!

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील संशोधकांनी अशा शस्त्रक्रियेसाठी आलेल्या 102 स्त्रियांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. 19 प्रश्नांच्या मान्यताप्राप्त प्रश्नावलीनुसार शेकडा 60 स्त्रियांच्या कामजीवनात दोष आढळला. इच्छा मंदावलेली, ओलावा कमी, तृप्ती नाही, समागमात वेदना. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. परंतु त्यामागील कारणे सर्वत्र तीच आहेत. मधुमेहाने मज्जातंतू व रक्तवाहिन्या क्षीण होतात, योनिमार्गाचा जंतुसंसर्ग पुनःपुन्हा उद्भवतो. अंडाशयाच्या विकाराने संप्रेरकांचा तोल ढळतो. गुडघे दुखतात, दम लागतो, खोकल्यासरशी लघवी सुटते. नैराश्यावर दिलेल्या काही गोळ्याच इच्छा मारतात, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. ह्यांतील बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत, आणि त्यांसाठी शस्त्रक्रियेच्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सर्वांत दुर्धर आहे ती लाज. लठ्ठ बाई हा आपल्या नाटक-सिनेमांनी कायमचा हशाचा विषय करून ठेवला आहे. तिलाही इच्छा असते, हे जणू कोणाच्या गावीच नाही. दिवा मालवल्याशिवाय नवऱ्यासमोर पदर ढळू न देणारी स्त्री डॉक्टरांपुढे आपण होऊन तोंड उघडील, ही अपेक्षाच फोल होय. त्यातून सोबत सासू बसलेली! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या. त्यांतील थोड्याच शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतील, परंतु संकोच सर्वांचा सारखाच.

शस्त्रक्रियेने सारे आपोआप सुरळीत होईल, असेही कोणी समजू नये. त्याच संशोधकांनी 2011 मध्ये 54 स्त्रियांचा वृत्तांत दिला. आधी दोष असलेल्या 34 जणींपैकी 23 जणींचा तो सहा महिन्यांत दूर झाला. हे यश लहान नव्हे. पण उरलेल्या 11 जणींचे काय? वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी नवी लाज घेऊन येते. आणि ज्या संसारात दुरावा जुनाच आहे, तिथे वजनकाट्याचा इलाज चालत नाही.

आणखी एक गोष्ट निकडीची आहे. वजन उतरू लागले की वर्षानुवर्षे रुसलेली पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता एकाएकी वाढते. शस्त्रक्रियेनंतर निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. कारण ह्या काळात आईचेच पोषण अपुरे असते. अन्नमार्ग वळविला असेल तर पोटात घ्यायच्या संततिनियमनाच्या गोळ्या पुरत्या शोषल्या जातील याची खात्री नसते. तांबी किंवा तत्सम साधन त्याहून भरवशाचे. हा विचार शस्त्रक्रियेपूर्वी, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीत व्हावयास हवा. तिथे प्रथम तिला एकटीला बसवावे, तपासणीच्या कागदावर ह्या प्रश्नासाठीही एक रकाना असावा, आणि नवऱ्याला आत बोलवायचे की नाही हे तिने ठरवावे.