एका कळीत काय बांधायचं?

औसा, निलंगा, लातूर इथं ऑटोकॅडवर घराचे नकाशे काढणाऱ्याचा डावा हात कीबोर्डवर असतो, उजवा माउसवर. रेघेला ‘एल’, नकलेला ‘सीओ’, छाटायला ‘टीआर’ ही लघुरूपं बोटांना पाठ असतात. पुढची पायरी म्हणजे स्वतःचा मॅक्रो, आठ-दहा आज्ञा एका कळीत बांधलेला. तो शिकवताना फायदा एकच सांगितला जातो: वेळ वाचतो. भूकंप सोसलेल्या किल्लारीच्या परिसरात मात्र मॅक्रोकडून याहून जास्त काही मागायला हवं.

तंत्र अवघड नाही. ‘सीयूआय’ आज्ञा दिली की मॅक्रो लिहिण्याची खिडकी उघडते. सुरुवातीला कंट्रोल-सीची खूण दोनदा लिहितात, म्हणजे अर्धवट राहिलेली आज्ञा रद्द होते. अर्धविराम एंटरचं काम करतो. बॅकस्लॅश आला की संगणक थांबतो आणि जागा दाखवायचं काम माणसावर सोडतो.

नेमकं कुठं थांबायचं आणि काय कळीत पक्कं बांधायचं, हे किल्लारीनं फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती जड माळवदासह झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. भिंतींना एकत्र बांधून ठेवणारे पट्टे त्या घरांत नव्हते.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं ठरली आणि बहुतेक ठिकाणी ती सरळ रांगांत मांडली गेली. लाखो लोकांना छप्पर द्यायचं होतं, त्यामुळे ठरावीक नमुने वापरणं समजण्यासारखं होतं. पण भावकीचा शेजार, अंगणाचा आडोसा, गुरांची नि कडब्याची जागा या गोष्टी त्या आखणीत नीट बसल्या नाहीत.

मॅक्रो करणाऱ्यानं यातून फरक ओळखावा. घराची मांडणी कळीत बांधू नये. तिथं बॅकस्लॅश हवा, घरमालकाला विचारायला. जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवरचे पट्टे, कोपऱ्यातल्या उभ्या सळया, कॉलमच्या रिंगचा १३५ अंशांत आत वळवलेला हूक हे तपशील मात्र कळीतच असावेत. मुदत जवळ आली की हेच आधी गळतात.

कळ चूकही तितक्याच वेगानं छापते, हा आक्षेप खरा आहे. भूकंपाच्या वेळी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. भूकंपरोधक रचनेच्या २००२ च्या सुधारित भारतीय मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. जुन्या मानकावर बेतलेली तपशिलाची आकृती मॅक्रोत राहिली, तर ती प्रत्येक नव्या नकाशात निमूट उतरेल. म्हणून अशा आकृतीतच मानकाचा क्रमांक आणि वर्ष छापलेलं असावं, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासल्याशिवाय ती वापरात येऊ नये.

आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यात असे मॅक्रो लिहिण्याचं काम सहज बसेल. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या अभियंत्यांनी तपशिलांची एक सामाईक फाइल तपासून द्यावी, विद्यार्थ्यांनी तिचे मॅक्रो लिहावेत आणि छोट्या कार्यालयांना ते फुकट मिळावेत. ऑटोकॅडच्या स्वस्त एलटी आवृत्तीतही २०२४ पासून ऑटोलिस्प ही ऑटोकॅडची प्रोग्रामिंग भाषा चालते, त्यामुळे महागड्या परवान्याची सबबही आता उरलेली नाही.