नाद घडवणारीचे नाव

23 नोव्हेंबर 1963 रोजी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. शीर्षकसंगीताचे श्रेय संगीतकार रॉन ग्रेनर आणि बीबीसीचा ध्वनिनिर्मिती विभाग ‘बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप’ यांना दिले गेले. ती धून प्रत्यक्ष घडवणाऱ्या डेलिया डर्बीशायर यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत यायला 2013 साल उजाडले. तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती.

ग्रेनर यांनी लिहून दिली होती एक छोटी स्वरलिपी आणि वारा, ढग अशा काही सूचना. पुढचे काम डर्बीशायर आणि त्यांचे सहायक डिक मिल्स यांचे. सिंथेसायझर अजून बाजारात आला नव्हता. एका तारेचा टणत्कार, उपकरणे तपासायच्या ऑसिलेटरचे सूर आणि गाळून घेतलेली खरखर, एवढेच भांडवल. हे आवाज फितीवर घ्यायचे, फितीचा वेग कमी-जास्त करून हवा तो स्वर काढायचा आणि त्या स्वराच्या कालावधीएवढा तुकडा पात्याने कापून पुढच्याला चिकटवायचा. असे पदर वेगवेगळ्या फितींवर तयार झाले की सगळी यंत्रे एकाच क्षणी सुरू करून ते एकत्र मुद्रित करायचे. एकदा कुठेतरी एक स्वर चुकतोय असे जाणवले, तेव्हा फिती लांबलचक व्हरांड्यात शेजारी शेजारी अंथरून चुकीचा जोड शोधावा लागला.

तयार धून ऐकून ग्रेनर चकित झाले. हे मीच लिहिले का, असे त्यांनी विचारले आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा डर्बीशायर यांना मिळावा असा प्रयत्न केला. बीबीसीचा नियम आड आला. वर्कशॉप हा तांत्रिक विभाग आणि तिथले लोक पगारी नोकर, म्हणून त्यांची नावे वेगळी द्यायची नाहीत. प्रशासनाच्या दृष्टीने नियम सुसंगत होता, पण संगीताच्या दृष्टीने चुकीचा. वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना वादक बदलले तरी ओळखता येते. इथे मात्र आवाजाचा पोत हीच रचना होती, आणि तो कागदावर नव्हताच.

नियम सर्वांसाठी होता हे खरे. पण बाईला तो अधिक महाग पडला, असे आमचे मत आहे. कॉव्हेंट्रीत 1937 मध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये गणित व संगीत शिकलेल्या डर्बीशायर यांना ‘डेक्का’ कंपनीने, ध्वनिमुद्रण स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही, असे सांगून परत पाठवले होते. 1960 मध्ये त्या बीबीसीत आल्या आणि 1962 मध्ये स्वतः मागून वर्कशॉपमध्ये गेल्या. दार उघडले, पण आत नाव पुसले जात होते.

त्यांची ओळख एका धुनेवर थांबू नये. सहारा वाळवंटातील तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी त्यांनी दिव्याच्या धातूच्या हिरव्या झाकणावर टकटक करून उमटलेल्या नादाचे पृथक्करण केले आणि त्यातून रचना उभारली. नाटककार बॅरी बरमँज यांच्यासोबत 1964 मध्ये केलेल्या ‘द ड्रीम्स’ या नभोवाणी कार्यक्रमात सामान्य माणसांनी सांगितलेली स्वप्ने नादांच्या पटात गुंफली आहेत. आमच्या मते त्यांची खरी उंची इथे दिसते.

1973 मध्ये त्यांनी बीबीसी सोडली. मृत्यूनंतर त्यांच्या पोटमाळ्यावर अडीचशेहून अधिक फिती सापडल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठात अभ्यासकांसाठी जतन केल्या आहेत.