पास्त्याची कोशिंबीर

परवा सूनबाईला ऑफिसातून यायला उशीर होणार होता आणि दोन्ही नातवंडं "आजी, पास्ता!" म्हणून मागे लागली. मंडळी, उभ्या आयुष्यात पोहे केले, उपमा केला, शेवयांची खीर केली, पास्ता कधीच नाही. पण मुलांसमोर "मला येत नाही" म्हणायची मास्तरणीला सवय नसते!

पाकीट वाचलं. डुरम गव्हाचा रवा. म्हणजे आपल्या बन्सी रव्याच्याच कुळातला की! निम्मी भीती तिथेच गेली. उकाडा मरणाचा होता, म्हणून ठरवलं, याची गारेगार कोशिंबीरच करू.

250 ग्रॅम पास्ता, अडीच लिटर खळखळ उकळतं पाणी, त्यात मीठ. गरम खायचा असेल तर पास्त्यात किंचित कणी ठेवतात. गार खायचा असेल तर ठेवू नये, कारण थंड झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. चाळणीत ओतून वर गार पाणी सोडलं, चमचाभर तेल चोळलं. घरात श्रीखंडासाठी बांधलेला चक्का होता, त्यातला वाटीभर घेऊन दुधात सैल केला. मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर. निम्मा आधी कालवला, निम्मा वाढताना, कारण पास्ता सगळं पिऊन बसतो. काकडी अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. हे मात्र कुठे वाचावं लागलं नाही हो!

काकडी, टोमॅटो, गाजराचा कीस, उकडलेले मक्याचे दाणे आणि डाळिंब वेगवेगळ्या वाट्यांत मांडलं. म्हटलं, हवं ते घ्या आणि आपापलं कालवा. नातीने मका आणि डाळिंब घेतलं. नातवाने नुसती काकडी, तीही मोजून सात फोडी.

एवढ्यात सूनबाई आली. म्हणाली, "आई, गाजर वाटून चक्क्यात घातलं असतं तर त्यांना कळलंही नसतं."

हल्ली बऱ्याच आया असंच करतात. सॉसमध्ये भोपळा, पराठ्यात पालक, सगळं नकळत. हेतू चांगलाच असतो, पण मला ते पटत नाही. मुलाला गाजर खाल्ल्याचं कळलंच नाही, तर गाजराशी त्याची ओळख व्हायची कधी? आणि एकदा का लपवलेलं सापडलं, की पुढे आवडीच्या पदार्थाकडेही ते संशयाने बघतं.

जबरदस्तीचं तर बोलूच नका. मी स्वतः ती केली आहे. दुसरीच्या वर्गावर असताना मी मधल्या सुट्टीत डबे तपासायची. एका मुलाच्या डब्यात शेपूची भाजी होती, ती संपेपर्यंत मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. त्याने शेवटचा घास घेतला आणि सगळं वहीवरच ओकला. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो डबाच आणेना, विचारलं तर "भूक नाही" म्हणायचा. त्याच्या आईशी मी कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

असो. दुसऱ्यांदा वाढून घेताना नातीने गाजराचा चिमूटभर कीस उचलला, नुसताच चघळला, "गोड आहे" म्हणाली आणि परत मक्याकडे वळली. नातवाने त्या वाटीकडे पाहिलंही नाही.

उरलेला कीस मग आम्ही दोघींनी खाल्ला, वर लिंबू पिळून.