मोकळी हवा आणि बंद काचा

सप्टेंबर २०२०. जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासची अट उठून आठ-दहा दिवस झाले होते. आम्ही चौघं पहाटे एकाच गाडीतून पुण्याहून निघालो, सह्याद्रीतल्या एका गडाकडे. बाहेर पाऊस, म्हणून काचा वर. दोन तास मास्क हनुवटीवर, अखंड गप्पा, थर्मासमधला चहा आणि एकाच पुड्यातल्या बाकरवड्या. पायथ्याला गाडी लावली आणि उतरता उतरता चौघांनीही मास्क नीट नाकावर चढवले. माथ्यावर वारा असा की टोपी हाताने धरून ठेवावी लागत होती. तिथे आम्ही तोंडं झाकून, एकमेकांपासून सहा-सहा फुटांवर बसून फोटो काढला आणि खाली 'जबाबदार भटकंती' असं लिहून सगळ्यांना पाठवला.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. टाळेबंदीच्या काळात घराबाहेरच्या मोकळिकीबाबत सरकारचं, पोलिसांचं, सोसायट्यांच्या कमिट्यांचं आणि आम्हा डोंगरवाल्यांचं जे काही चुकलं, ते सगळं त्या एका फोटोत आहे. काळजी जिथे घ्यायची तिथे घेतली नाही. जिथे तिची फारशी गरज नव्हती तिथे तिचं प्रदर्शन मांडलं.

हा वाद शिळा झाला असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आजही चार जुने ट्रेकर आणि एखादा निवृत्त अधिकारी एकत्र बसले की त्याच दोन आरोळ्या ऐकू येतात. एक म्हणतो, तेव्हा घराबाहेर पडणारा प्रत्येक जण बेजबाबदार होता. दुसरा म्हणतो, डोंगरात कसला आलाय कोरोना! मला दोघांशीही भांडायचं आहे, पण सारख्या जोराने नाही.

पहिला पूर्वपक्ष आधी घेतो, आणि त्याच्या बळकट रूपात घेतो. रोग नवा होता. पुण्यात पहिले रुग्ण सापडले ते ९ मार्च २०२० ला आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. त्या दोन-तीन आठवड्यांत विषाणू पृष्ठभागावरून येतो की हवेतून, हेही नीट ठाऊक नव्हतं. अशा वेळी 'सगळे घरात बसा' हा नियम ढोबळ असला तरी चूक नव्हता. आग लागल्यावर कुठली खोली जळतेय याची चौकशी करत कुणी उभं राहत नाही. तेव्हाच्या कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती ढोबळ नियमाचा पुढे धर्म झाला याबद्दल. त्या एप्रिलमध्ये पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी भर रस्त्यावर योगासनं करायला लावली. लोक ते व्हिडिओ हसत हसत एकमेकांना पाठवत होते. कुठे उठाबशा, कुठे आदेशभंगाच्या कलम १८८ खाली गुन्हा. शिक्षा देण्यासाठी वीस-पंचवीस जणांना एका जागी गोळा करायचं आणि त्यांचा गुन्हा काय, तर ते एकेकटे चालत होते! यातला विनोद तेव्हा फारसा कुणाला कळला नाही.

तोवर माहिती येऊ लागली होती. हुबेई प्रांताबाहेरच्या चिनी शहरांतले तीन किंवा अधिक रुग्णांचे ३१८ उद्रेक तिथल्या संशोधकांनी तपासले. सगळेच्या सगळे बंद जागेतले निघाले. घरातले सर्वाधिक, त्याखालोखाल वाहनांतले. उघड्यावर लागण झाल्याची एकच घटना सापडली आणि तीत रुग्ण दोन. जपानमधल्या एका अभ्यासात बंद जागेतली लागणीची शक्यता उघड्यावरच्यापेक्षा १८-१९ पट निघाली. हवेतून पसरणाऱ्या रोगाचा हा साधा हिशेब आहे: उदबत्तीचा धूर देवघरात कोंडतो, अंगणात विरतो. उघड्यावरची गर्दी ही अर्थात गर्दीच. खांद्याला खांदा लावून घोषणा देणाऱ्यांना आभाळ वाचवत नाही. पण टेकडीवर एकटा चालणारा माणूस त्या काळातला बहुधा सर्वात निरुपद्रवी नागरिक होता.

आणि आपण नियम कसे केले? ३ जून २०२० पासून 'पुनश्च हरिओम' म्हणत राज्य सरकारने पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात मोकळ्या जागी चालायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी दिली. चौदा तास, एकट्याने, गट करायचा नाही. उत्तम नियम होता. मग एक वर्ष गेलं. रोग हवेतून पसरतो याचे दहा पुरावे 'लॅन्सेट'मध्ये एप्रिल २०२१ ला छापून आले. म्हणजे ज्ञान वाढलं. नियम? जून २०२१ च्या पाच स्तरांच्या आदेशात तिसऱ्या स्तराला, म्हणजे मुंबईलाही, मैदानं आणि चालणं-सायकलिंग यांना वेळ मिळाली पहाटे ५ ते सकाळी ९. चौदाचे चार तास झाले. त्याच आदेशात, त्याच स्तरात, उपाहारगृहं कामाच्या दिवशी दुपारी ४ पर्यंत निम्म्या क्षमतेने सुरू. जिमही ४ पर्यंत, फक्त एसी लावायचा नाही. म्हणजे सकाळी साडेदहाला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यालगत एकट्याने चालणं नियमाबाहेर आणि दुपारी दीडला छताखाली, अनोळखी माणसाच्या पाठीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून जेवणं नियमात. धंदा चालायला हवा होता हे मला कळतं. हॉटेलात काम करणाऱ्यांच्या चुली बंद पडल्या होत्या. पण मग तसं सांगायचं. संसर्गाच्या नावाखाली चालणाऱ्याला कशाला अडवायचं? शिवाय चौदा तासांत विखुरणारी माणसं चार तासांत कोंबली की जी गर्दी टाळायची तीच तयार होते. पहाटे सव्वापाचच्या काळोखात रस्त्यावर लोटलेले लोक ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यावर पोलिसांचं एक उत्तर असतं आणि ते मी हलकं समजत नाही. 'एकाला सोडलं की शंभर येतात. नाक्यावर उभ्या हवालदाराने कुणाचा श्वास मोजायचा?' खरं आहे. बारीक नियम राबवायला माणसं लागतात आणि तेव्हा पोलीस स्वतःच आजारी पडत होते, मरत होते. पण 'चालायचं, थांबायचं नाही, घोळका करायचा नाही' यात बारीक काय आहे? घोळका लांबूनही दिसतो. उलट 'तुम्ही किराणाला निघालात की फिरायला' हे ओळखायला हवालदाराला अंतर्यामी व्हावं लागायचं. म्हणून तर लोक हातात रिकामी पिशवी घेऊन फिरायला लागले. माझे एक मधुमेही शेजारी वर्षभर कोथिंबीर आणायला जात होते. रोज चार किलोमीटर.

आणखी एक आक्षेप समतेच्या नावाने येतो आणि तो मला जास्त बोचतो. टेकडी, बाग, समुद्रकिनारा ही सुखवस्तू वस्त्यांजवळची चैन. धारावीतल्या माणसाला काय त्याचं? मग सगळ्यांनाच बंद, हे बरं. मी म्हणतो, नेमकं उलट. सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-साडेआठ लाख माणसं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात जण आणि गल्लीत सार्वजनिक शौचालय. तिथे 'घरात बसा' याचा अर्थ एकमेकांच्या श्वासात बसा. शेजारचं मैदान, बंद शाळेचं पटांगण, वाहनं नसलेला रस्ता ही चैन कुणासाठी असेल तर बंगलेवाल्यासाठी. खोलीवाल्यासाठी ती हवा होती. मैदानाला कुलूप लावून समता आली नाही, ज्यांच्या घराला गच्ची नव्हती त्यांची हवा तेवढी गेली.

आपल्या पणजोबांना हे वेगळ्या कारणाने ठाऊक होतं. प्लेग आला, उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करून माळावर झोपड्या ठोकायच्या. दोष उंदरांचा आणि पिसवांचा होता, हवेचा नव्हता, त्यामुळे हा माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मी पुढे करत नाही. सांगायचं एवढंच, की साथ आली की उघड्यावर जायचं ही या मुलखातली जुनी सवय होती. उघड्याला भ्यायचं हे आपण २०२० मध्ये नव्याने शिकलो.

आता माझ्या स्वतःच्या पंगतीतल्या लोकांकडे वळतो. 'डोंगरात कसला आलाय कोरोना?' वर दिलेला चिनी हिशेब ऐकून ट्रेकर मंडळी टाळ्या वाजवतील. त्यांनी थोडं थांबावं. डोंगरात कोरोना नव्हताच. तो आमच्या गाडीत होता. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सतरा सीटांत होता, पायथ्याच्या घरातल्या ओसरीवर होता, जिथे आम्ही बारा जण मांडीला मांडी लावून पिठलं-भाकरी जेवतो आणि वाढणारी आजी सत्तरीची असते. मोकळ्या हवेचा फायदा माथ्यावरच्या तीन तासांना. येण्याजाण्याच्या सहा तासांना तो लागू नाही. तीन तासांचं पुण्य सांगून सहा तासांचं पाप झाकायचं, हा आमचा युक्तिवाद.

गावांनी ते आमच्याआधी ओळखलं. मार्च-एप्रिलमध्ये वेशीवर बांबू आडवे पडले, बोराटीचे फास टाकले गेले, पुठ्ठ्यावर खडूने 'बाहेरच्यांना बंदी' लिहिलं गेलं. शहरी लोकांनी याला अडाणीपणा म्हटलं. त्यातला काही भाग क्रूर होताच. मुंबईहून चालत आलेल्या आपल्याच पोरांना वेशीबाहेर ठेवणारी गावं होती. पण हौशी पाहुण्याला अडवणं यात अडाणीपण काय? प्राथमिक आरोग्य केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर, तिथे एक डॉक्टर, आणि ऑक्सिजन लागला तर जिल्ह्याचं ठिकाण. हे गणित गावाला येत होतं. आमच्यातल्या एम.टेक.वाल्यांना येत नव्हतं.

मग अपघात. स्ट्रेचरवरून माणूस घाटवाटेने खाली आणायचा तर एका वेळी सहा-आठ जण लागतात आणि दमल्यावर बदली म्हणून तितकेच आणखी. तासन् तास, खांद्याला खांदा, धापा टाकत. हे काम करतात लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, पदरमोड करून. तुमचा पाय मुरगळला तर त्या बारा-सोळा घरांत काय जाऊ शकतं याचा विचार 'मी फिट आहे' म्हणणाऱ्याने केला नाही. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये डोंगरातली भटकंती आणि सर्फिंग बंद केलं ते नेमकं याच कारणाने. हवा वाईट म्हणून नव्हे, सोडवायला येणारे आणि दवाखाने मोकळे राहावेत म्हणून. घराजवळ चालणं मात्र तिथे पहिल्या दिवसापासून चालू होतं. कायदा इतका समजूतदार असू शकतो.

आपल्याकडे तो उलटा चालला. एप्रिल २०२० मध्ये एका बड्या उद्योजक कुटुंबातले २३ जण गृहखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले. घरापासून अर्धा किलोमीटर चालणारा उठाबशा काढतोय आणि घाट ओलांडून जाणाऱ्यांकडे पत्र. हा अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण मग जुलैत राहण्याची हॉटेलं ३३ टक्के क्षमतेने उघडली, गाडीवाल्यांचे शनिवार-रविवार परत आले आणि शहरातल्या कित्येक बागांची कुलपं तशीच राहिली. लांबचं पैशाला मिळत होतं, जवळचं कुणालाच नाही.

म्हणून माझं मंडन एका वाक्यात मावतं: जवळचं उघडा, लांबचं मिटा. जून २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी 'घरापासून दोन किलोमीटर' असा नियम काढला आणि सगळ्यांनी त्याची टर उडवली. मीही. आज वाटतं, व्यायामापुरता तो विचार बरोबर होता. केशकर्तनालयापासून किराण्यापर्यंत सगळ्याला तो लावला, गाड्या जप्त केल्या, म्हणून हास्यास्पद झाला. फ्रान्सने आधी एक किलोमीटर, एक तास ठेवला आणि नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस वीस किलोमीटर, तीन तास केला. त्यांची हवा बदलली नव्हती, समज बदलली होती. आपल्याकडे पुण्यातली वेताळ टेकडी आणि तळजाई, मुंबईतलं शिवाजी पार्क, गोरेगाव-मालाडच्या वस्त्यांतली मैदानं चौदा तास उघडी ठेवून गड बंद ठेवता आले असते. चालत जाता येईल तिथे जा. जिथे जायला गाडीत कोंबून घ्यावं लागतं तिथे राहू दे. सोबत घरातलीच माणसं. आणि रोजच्या पायाखालची वाट, नवा कडा नको, नवा धबधबा तर नकोच.

हे शेवटचं म्हणतो, कारण 'जवळ' हा शब्दही फसवतो. २ जुलै २०२० ला जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. ते काही मुंबईहून आलेले नव्हते, त्याच भागातले होते. तीन महिने कोंडलेल्या पोरांना पाणी दिसलं. त्यांना बेजबाबदार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गावातलं मैदान आणि नदीकाठ त्यांना रोज मिळत असता तर ती त्या डोहापर्यंत गेली असती का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या सप्टेंबरच्या दिवशी गड उतरून आम्ही नेहमीच्या मावशींच्या अंगणात गेलो. पंधरा वर्षांची ओळख. फोन केला नव्हता. आधी कधी करायचोच नाही. मावशी दारात आल्या, पदर नाकावर.

"कुनीकडनं आलाय, दादा?"

"पुण्याहून."

त्या दोन पावलं मागे सरकल्या. "भाकरी देते, पर घरात नगा येऊ. आत म्हातारी हाय. त्या चिंचंखाली बसा."

सागाच्या पानांवर भाकऱ्या आणि पिठलं त्यांनी अंगणाच्या गडग्यावर आणून ठेवलं आणि त्या परत गेल्यावर आम्ही ते उचललं. जेवण झाल्यावर माझ्या मित्राने सॅनिटायझरची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. "पैसं दगडाखाली ठेवा," म्हणाल्या, "आन् पुढल्या खेपंला इचारून या."

नोटा गडग्यावर दगडाखाली ठेवल्या. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. आम्ही गाडीत बसून काचा वर करेपर्यंत त्या नोटा उचलायला आल्या नाहीत.