मैदान झाडणाऱ्या बाळूंची आठवण

शेतकरी बंधूंनो, मुंबईला तुमचं-आमचं जाणं होतंच. लालबाग-परळच्या गिरण्यांत एके काळी आपल्या गावचा कोणी ना कोणी होताच. आज त्यांची नातवंडं तिथं आहेत. पुढच्या खेपेला मंत्रालयाचं काम उरकलं की आझाद मैदानाकडे वळा आणि कडेचा बॉम्बे जिमखाना रस्त्यावरूनच पाहा. इंग्रजी अमलात हा जिमखाना फक्त गोऱ्यांसाठी होता. तिथल्याच मैदानावर १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात मोठा वाटा होता डावखुरे गोलंदाज बाळू पालवणकर यांचा. या माणसाची पहिली नोकरी काय होती? मैदान झाडायची.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराण्याचे मूळ गाव कोकणातले पालवण, त्यावरून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार. वडील लष्करात चाकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. तिथे पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंना काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. जाळी बांधणे, पट्टी आखणे ही कामे तिथेही होतीच, पण साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायलाही त्यांनाच उभे करीत. तासन्‌तास चेंडू टाकून हात तयार झाला. फलंदाजी मात्र त्यांना कोणी दिली नाही. बॅट साहेबाच्या हातात आणि घाम बाळूंचा!

गुण दिसला तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. घेतले खरे, पण कसे? मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावणार आणि चहाच्या सुट्टीत बाकीचे आत चिनीमातीच्या कपातून पिणार. बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, वापरून फेकून द्यायच्या. बळी घेतलेले चालत होते, कप चालत नव्हता. त्यांच्या कर्तबगारीने पुढे ही बंदी ढिली पडत गेली. पण आधी विकेट काढायच्या, मग माणूस म्हणून मान मिळवायचा, अशी ती उलटी रीत होती.

बाळू मुंबईला आले. बी.बी.सी.आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत, नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळवले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, सरासरी १५ च्या आसपास. क्रिकेट जाणणाऱ्या पोराला हे आकडे सांगा, तो चाट पडेल.

आता घरची गोष्ट, आणि आम्हाला ती जास्त मोलाची वाटते. बाळू थोरले. त्यांच्या पाठचे शिवराम, विठ्ठल, गणपत. थोरल्याने वाट पाडली आणि धाकट्यांना त्या वाटेने पुढे नेले. चौघेही भाऊ हिंदू संघातून खेळले. १९११ च्या दौऱ्यात शिवरामही होते. गणपत अकाली गेले. विठ्ठल तर बाळूंपेक्षा मोठे फलंदाज झाले आणि पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहून त्यांनी या घराची कहाणी मराठीत ठेवली.

कर्णधारपद मात्र बाळूंना कधीच मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच भर सभेत सांगितले की हा मान बाळूंचा होता. पद दुसऱ्याला मिळावे आणि घेणाऱ्यानेच ते कबूल करावे, असे सहसा घडत नाही. तरी निवड समितीची कूस बदलली नाही. १९२० साली बाळूंना वगळले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठलनाही डावलले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल संघाबाहेर पडले आणि त्याचे कारण त्यांनी जाहीरपणे मांडले. लोकांत चर्चा झाली, समितीला नमते घ्यावे लागले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला न मिळालेला मान धाकट्याने आणला.

वाचकहो, एक-दोन हात बांधासाठी आपल्याकडे सख्खे भाऊ तहसीलपासून कोर्टापर्यंत जातात. वाटणीची मोजणी चालू असताना एकमेकांकडे बघतही नाहीत. या भावांनी भावाच्या मानासाठी हातची संधी सोडली. घर म्हणतात ते हे.

खेळ संपला तरी बाळू घरी बसले नाहीत. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी दलित समाजाच्या पुढाऱ्यांत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना भायखळा-परळ भागातून उभे केले, समोर साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर! १९११ च्या दौऱ्यानंतर मुंबईत बाळूंचा सत्कार झाला, त्यात तरुण आंबेडकरांचाही भाग होता. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. पण एकमेकांची योग्यता जाणणारी दोन माणसे वेगळ्या वाटेने जाऊ शकतात, हे आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर पाच-पाच वर्षे अबोला धरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ४ जुलै १९५५ रोजी बाळू गेले. दादरजवळ प्रभादेवीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. रोज हजारो माणसे त्यावरून जातात, किती जणांना ‘पी. बाळू’ कोण ते ठाऊक असेल?

मुंबईला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या गावात काय चालते? कबड्डीचा, कुस्तीचा एखादा जुना खेळाडू पारावर बसलेला असतो. नाव विचारले तर पोरे खांदे उडवतात. सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक यांना आमची विनंती आहे. येत्या ग्रामसभेत गावच्या जुन्या खेळाडूंची नोंदवही करायचा विषय घ्या. त्यांना शाळेत बोलवा, पोरांपुढे उभे करा. खेळाच्या मैदानावर कडब्याच्या गंजी आणि ट्रॉल्या उभ्या राहत असतील तर त्या हलवा.

आणि मुख्य म्हणजे, त्या मैदानावर कोणत्या वस्तीची पोरे येतात आणि कोणती काठावरच उभी राहतात, हे एकदा डोळे उघडून बघा. सामन्याच्या दिवशी चहा सगळ्यांना एकाच किटलीतून, सारख्याच कपात मिळतो ना, तेही बघा. मैदान झाडणाऱ्या पोराच्या हाती एकदा चेंडू देऊन पाहायला पैसा लागत नाही, मन लागते.