विद्वानांची आयात आणि विद्यापीठांचा पाया

कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने २०२५ च्या अखेरीस विद्वानांच्या आयातीची एक मोठी योजना जाहीर केली. जगभरातील एक हजारांहून अधिक नामवंत संशोधक आपल्या विद्यापीठांत आणावेत आणि त्यासाठी १७० कोटी डॉलरपर्यंत खर्च करावा, असा हा संकल्प आहे. त्यामागचे निमित्त उघड आहे. अमेरिकेत त्याच वर्षी संशोधनाच्या अनुदानांवर सरकारी कुऱ्हाड कोसळली आणि तेथील कित्येक शास्त्रज्ञ अन्यत्र आश्रय शोधू लागले. युरोपीय संघानेही मे २०२५ मध्ये याच हेतूने ५० कोटी युरोंची घोषणा केली होती. ज्ञानाशी वैर धरणाऱ्या राजवटीपासून दूर जाऊ पाहणाऱ्या विद्वानांना कोणी आसरा देत असेल, तर त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक तिजोरीतून एवढी रक्कम निघते, तेव्हा ती कोणासाठी, कोणत्या रीतीने आणि कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन निघते, हे विचारणे समाजवादी कार्यकर्त्यांचे कर्तव्यच ठरते. या बाबतीत कॅनडाचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव बोलका आहे.

१९९५ च्या अर्थसंकल्पाने त्या देशात प्रांतांना मिळणाऱ्या शिक्षण व आरोग्याच्या निधीला कात्री लावली. विद्यापीठे अडचणीत आली, बुद्धिमान तरुण दक्षिणेकडे अमेरिकेची वाट धरू लागले. पाच वर्षांनी, २००० साली, सरकारला जाग आली आणि ९० कोटी डॉलर खर्चून २,००० संशोधन-अध्यासने निर्माण करण्याचे ठरले. पुढे २००८ मध्ये याहूनही भव्य अध्यासने निघाली. परदेशातील अग्रगण्य शास्त्रज्ञ आणावा आणि त्याला सात वर्षांसाठी १ कोटी डॉलरपर्यंत निधी द्यावा, अशी ती योजना होती. विषय मात्र सरकारने आधीच आखून दिले होते: पर्यावरण, नैसर्गिक संपत्ती व ऊर्जा, आरोग्य आणि माहिती तंत्रज्ञान. समाजशास्त्रांना आणि मानव्यविद्यांना त्या पंक्तीत पानच मांडलेले नव्हते.

२०१० साली पहिल्या १९ मानकऱ्यांची नावे जाहीर झाली, तेव्हा त्यांत एकही स्त्री नव्हती. त्याची कारणे शोधण्याचे काम सरकारने तीन विदुषींकडे सोपवले होते. मुदत अपुरी होती, विषयांची चौकट अरुंद होती आणि निवडीची सारी भिस्त आधीच शिखरावर पोहोचलेल्यांवर होती, असे त्यांच्या पाहणीतून दिसले. वस्तुतः हा इशारा नवा नव्हता. २००० सालच्या अध्यासनांतील विषमतेविरुद्ध आठ प्राध्यापिकांनी २००३ मध्येच मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेली होती आणि २००६ मध्ये त्यावर तडजोडही झाली होती. पुढे २०१७ साली ११ कोटी ७६ लाख डॉलरची आणखी एक योजना आली, तेव्हा निवडीच्या पद्धतीतच समतेचा आग्रह धरला गेला. त्या योजनेतून निवडल्या गेलेल्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. सात-आठ वर्षांत जगातील स्त्रियांची बुद्धी वाढली असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती निवडीची रीत. गुणवत्तेच्या नावाखाली जे चालते त्यात गुणवत्ता किती आणि ओळखीपाळखीचे वर्तुळ किती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

या अध्यासनांतून काहीच निष्पन्न झाले नाही, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. हिपॅटायटिस सी विषाणूचा शोध लावणाऱ्या पथकाचे प्रमुख मायकेल हाउटन हे २०१० च्या त्या पहिल्या तुकडीतून अल्बर्टा विद्यापीठात आले आणि २०२० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या शोधासाठी हा सन्मान झाला, तो १९८९ साली कॅलिफोर्नियातील एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला होता. आणि हाउटन अल्बर्टाला आले ते काही ओसाड माळावर आले नाहीत. लॉर्न टायरेल आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून तेथेच हिपॅटायटिस बी वरील औषधाच्या संशोधनात गुंतले होते आणि त्यातूनच त्या रोगावरचे तोंडाने घ्यायचे पहिले औषध पुढे आले. घरच्या माणसांनी वर्षानुवर्षे मशागत केली होती, म्हणून बाहेरचे रोप तेथे रुजू शकले. ही मशागत कोणत्याही जाहिरातीने विकत मिळत नाही.

नेमकी हीच मशागत कॅनडाच्या राज्यकर्त्यांनी उपेक्षिली. पदव्युत्तर विद्यार्थ्याला मिळणारी वर्षाला १७,५०० डॉलरची मध्यवर्ती शिष्यवृत्ती २००३ पासून वीस वर्षे जागची हलली नाही. घरभाडे वाढले, धान्य महागले, शिष्यवृत्ती तेवढीच राहिली. डेव्हिड नेलर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये सरकारला बजावले होते की, विशिष्ट हेतूंना बांधलेल्या योजना फोफावत आहेत आणि संशोधकांनी स्वतःच्या जिज्ञासेने हाती घेतलेल्या कामाचा वाटा आक्रसत आहे. अखेर १ मे २०२३ रोजी, कामगार दिनी, देशभरातील विद्यापीठांमधील विद्यार्थी व संशोधक काम सोडून बाहेर पडले. त्यानंतरच, २०२४ च्या अर्थसंकल्पात, ही रक्कम २७,००० डॉलर करण्यात आली. प्रयोगशाळेत रात्री जागणारा, नमुने तपासणारा, यंत्रे चालती ठेवणारा हा तरुण श्रमिकच आहे आणि त्याला मिळाले ते संघटनेच्या बळावर मिळाले, ही गोष्ट विसरता कामा नये.

आणखी एक प्रश्न राहतो. तयार शास्त्रज्ञ आणणारा देश त्याला घडवण्याचा खर्च कोणावर टाकतो? हरगोविंद खुराना यांचे उदाहरण भारताला विसरता येण्याजोगे नाही. पंजाबातील खेड्यात जन्मलेला हा मुलगा १९४५ साली हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला. १९४९ मध्ये तो मायदेशी आला, परंतु येथे त्याच्यासाठी जागा निघाली नाही. १९५२ साली कॅनडातील व्हँकुव्हरने त्याला बोलावले. तेथे साधनांची चणचण होती, पण मनासारखे काम करण्याची पूर्ण मोकळीक होती. ज्या रसायनशास्त्रीय कामाने खुरानांचे नाव जगभर झाले त्याची पायाभरणी तेथे झाली; १९६८ चे नोबेल त्यांना मिळाले तेव्हा ते अमेरिकेत होते. व्हँकुव्हरने कोणा प्रख्यात पंडिताला विकत घेतले नव्हते. अप्रसिद्ध तरुणावर विश्वास टाकला होता. आजच्या कोट्यवधींच्या अध्यासनांनी हाच धडा बाजूला सारला आहे.

भारताचे राज्यकर्तेही त्याच वाटेने निघालेले दिसतात. २०१७ च्या ‘वज्र’ योजनेत परदेशस्थ शास्त्रज्ञाला येथे एक ते तीन महिने काम करण्यासाठी पहिल्या महिन्याला १५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळचे साडेनऊ लाखांहून अधिक रुपये, प्रवासखर्चासह देऊ करण्यात आले. त्याच वर्षी देशातील कनिष्ठ संशोधन अधिछात्राला महिन्याला २५,००० रुपये मिळत होते. महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मान्य पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण तासिका तत्त्वावर राबत राहिले. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी अनुसूचित जातींच्या संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. ज्या घरांतून पहिल्यांदाच कोणी संशोधनापर्यंत पोहोचले, त्या घरांतील मुलांना मैदानात बसवून परदेशातील पाहुण्यांसाठी पायघड्या घालणे, याला विज्ञानाची सेवा म्हणता येणार नाही.

बाहेरच्या विद्वानांना विरोध करणे हा यावरचा उपाय नव्हे. ज्ञानाला सरहद्द नसते आणि स्वदेशीच्या नावाखाली सुमार माणसांनी खुर्च्या अडवून ठेवणे हेही तितकेच घातक आहे. परंतु अध्यासनांसाठी पैसा निघेल त्याआधी रिक्त पदे भरली गेली पाहिजेत, अधिछात्रवृत्ती महागाईशी जोडली गेली पाहिजे आणि ती दरमहा वेळेवर हाती पडली पाहिजे. निवड उघड जाहिरातीने व्हावी आणि तिचे निकष सर्वांना पाहता यावेत. अध्यासनाची मुदत संपल्यावर प्रयोगशाळा, उपकरणे आणि तयार झालेले विद्यार्थी विद्यापीठात राहतील, अशी लेखी अट त्यात असावी. विद्यार्थी व प्राध्यापक संघटनांतील कार्यकर्त्यांनी या मागण्या अधिसभांमधून आणि विधिमंडळासमोर आग्रहाने मांडल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीची कोंडी फोडण्यासाठी कॅनडातील तरुणांना वीस वर्षे लागली. येथील तरुणांवर तितकी वाट पाहण्याची वेळ येऊ नये.